फुंकर न जाणारं लाकूड

दुसऱ्या पावलाला आवाज आला आणि नागोराव साहेबाच्या खोलीत मधोमध खांबासारखा उभा राहिला. तसा आवाज काही मोठा नव्हता. अनवाणी पाय जमिनीवर पडला की होतो तेवढाच. फक्त तो पायापाशी संपला नाही. खाली कुठंतरी गेला, आणि तिथून जरा उशिरानं परत आला. टप्प. चपला दाराबाहेर काढायच्या ही नागोरावची रीत, आणि घरातसुद्धा बूट घालून हिंडायचं ही साहेबाच्या मडमेची. तिनं त्याच्या भेगाळलेल्या टाचांकडे एकदा पाहिलं आणि मग, भलतंच दार उघडलं गेल्यावर माणूस पाहतो तसं, घाईनं छपराकडे पाहिलं. नागोरावला वाटलं, आपण थांबलो ते ह्या शरमेनं. बराच वेळ, म्हणजे बोईसरच्या नाक्यापर्यंत, त्याला तसंच वाटत राहिलं. स्वतःबद्दल एखादं सोयीचं कारण सापडलं की माणूस ते सहसा हातचं सोडत नाही.

साल सहासष्ट. तारापूरच्या किनाऱ्यावर अणूतून वीज काढायचं केंद्र उभं राहत होतं. अणू कुणी पाहिला नव्हता, वीज अजून निघाली नव्हती, पण खोकी मात्र येत होती. सातासमुद्रापलीकडून, घराएवढाली. ती उतरवून घ्यायची, फोडायची, यादीशी ताडून पाहायची आणि 'माल सुस्थितीत मिळाला' अशी सही करायची, ह्या कामावर नागोराव भांडारात कारकून होता. त्याची एक खोड सगळ्या भांडारात प्रसिद्ध होती. खोक्याचा तळ पाहिल्याशिवाय तो सही करत नसे. वरचं यंत्र दिसतंय, यादी जुळतेय, ट्रकवाला शिव्या देतोय, तरी हा बाबा आपला पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपत बसलेला. "अहो नागोराव," हेडक्लार्क खंडेराव म्हणत, "खाली काय पाताळ लागणार आहे का? करा सही." नागोराव हसे, आणि हात आणखी आत घाली. लोकांना तो प्रामाणिकपणा वाटे. दोन वर्षांत दोनदा त्याचं नाव बढतीसाठी वर गेलं ते ह्या प्रामाणिकपणामुळे, आणि दोनदा खाली आलं तेही त्याच्याचमुळे, कारण ट्रक खोळंबत.

केंद्रावरचा अमेरिकन इंजिनिअर ब्रॅडीसाहेब, ज्याची एका पावतीवर सही घ्यायला नागोराव आला होता, त्या रविवारी गुडघ्यांवर होता. पूजाबिजा नव्हे, अर्धी चड्डी घालून फळ्या ठोकत होता. आपल्याकडे पगार वाढला की कंबर वाकायची बंद होते. ह्या लोकांत ते उलट असावं. खोलीची अर्धी जमीन फळ्यांची झाली होती, अर्धी अजून सिमेंटची होती, आणि फळ्या कुठून आल्या हे नागोरावला पाहताक्षणी कळलं. जड यंत्रांच्या खोक्यांना तळाला जे ओंडके आणि जाड फळ्या असत, त्याच ह्या, चिरून, रंधून घेतलेल्या. इतके दिवस ज्यांच्यावर तो हात फिरवत आला होता ते तळ इथं वर येऊन पालथे पडले होते. साहेबानं हातोडीच्या दांड्यानं एक फळी वाजवली. "व्हाइट ओक," तो म्हणाला. सोयरिकीला आलेल्यांना घरची मुलगी दाखवावी तशा आवाजात. नागोरावचं इंग्रजी सगळं पावत्यांवरून शिकलेलं. तो म्हणाला, "गुड कंडिशन." साहेब ह्या अभिप्रायावर इतका खूश झाला की त्यानं सही करायची सोडून दोन ठोकळे उचलले आणि पाण्याचा पेला आणला. एका ठोकळ्याचं टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकानं फुंकर मारली. पाण्यात बुडबुडे आले. हा तांबडा ओक, ह्याच्या नळ्या उघड्या. दुसऱ्यातून फुंकर मारली. गाल फुगले, मान लाल झाली, पाणी हललं नाही. हा पांढरा. ह्याच्या नळ्या आतून बंद. ह्याच्यातून हवा जात नाही, पाणीही नाही. हे त्यानं हातवाऱ्यांनी सांगितलं, आणि नागोरावनं हातवाऱ्यांनीच ऐकलं. हवा जात नाही. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि त्यानं तो टोपीनं पुसला.

बोईसरपर्यंत केंद्राचा ट्रक येई. पुढं उमरोळीपर्यंत नागोराव सायकलनं जाई. शरमेचं सोयीचं कारण नाक्यावर संपलं ते ह्यामुळं की सायकलवर माणसाला बोलायला कुणी नसतं. मिठागरांवरून वारा येत होता, बांधावर बगळे सरकारी नोकरांसारखे एका पायावर उभे होते, आणि त्याच्या उजव्या टाचेत तो आवाज अजून बसलेला होता, काटा मोडून राहावा तसा. टप्प. त्याच्या गावाकडे, परभणीच्या बाजूला, ज्वारी पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत दोन पुरुष खोल खणलेला खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं, जमिनीत रांजण पुरावा तसा. आत धान्य, तोंडावर फरशी, फरशीवर माती. वरून चालणाऱ्याला काही दिसायचं नाही. फक्त तेवढ्या जागी पाय जरा निराळा वाजायचा. पोरं तिथंच नाचायची. कोंडलेल्या पेवातली हवा विषासारखी असते, हे मात्र तिथल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नाही. आधी दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर तोंड उघडं टाकून दिवसभर थांबायचं. सोपी गोष्ट आहे. नऊ वर्षांच्या मुलाला सांगण्याइतकी सोपी.

बापाचं नाव आनंदा. त्या सकाळी तो धोतराचा काच्या मारत होता आणि टोपल्या एकीत एक घालत होता. "सोड रं कंदील," तो म्हणाला, आणि नागूनं सोडला. दोरी हातातून सरसर गेली आणि संपली. कंदील पेवाच्या पोटात टांगून राहिला, मंद हलत, भिंतीवरची माती पिवळी करत. त्याच्या खाली अंधार होता. म्हणजे अजून तळ नव्हता. हे नागूला दिसलं. दिसलं आणि त्यातून काय निघतं हेही, अगदी पुसट, समजलं, पण समजणं आणि तोंड उघडणं ह्यांच्यात जे अंतर असतं तेवढ्यात बापानं विचारलं, "जळतोय का?" आणि कंदील तर जळत होता. "जळतोय," नागू म्हणाला. ह्यात खोटं काहीच नव्हतं. पुढच्या सव्वीस वर्षांत नागोरावनं हे उत्तर उलटंपालटं करून, उजेडात धरून, पुन्हा पुन्हा तपासलं होतं, आणि दर वेळी ते खरंच निघालं होतं. त्रास होता तो तोच. खोट्याची माफी मागता येते. खऱ्याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बाप उतरला. टोपली वर आली नाही. नागूनं दोनदा हाक मारली, आणि दुसऱ्या हाकेला पेवातून त्याचाच आवाज जरा उशिरानं परत आला. मग गाव धावलं. सोजराबाई, त्याची आई, शेतावरून आली तेव्हा बापाला बाहेर काढून लिंबाखाली ठेवलेलं होतं. तिनं रडून घेतलं, पेव दगडमातीनं भरून घेतलं, आणि नंतर जन्मभर त्या जागेला वळसा घालून चालली. कंदील सोडला होता का, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही नाही. आणि विचारलं नाही म्हणून नागोरावनं सांगितलं नाही. तो नोकरीला लागला, लग्न झालं, तारापूरला आला, दर सुट्टीत आईला म्हणे, "चल माझ्याकडं." दर सुट्टीत आई म्हणे, "शेळी व्याली की येते." त्या शेळीनं पुढं इतके वेत दिले की गावात तिच्या वंशाची आळी झाली. आई आली नाही. तिला ठाऊक आहे, म्हणून ती माझ्या घरचं पाणी पीत नाही, असं नागोरावला वाटे. तिला ठाऊक नाही, आणि आली तर मला एक दिवस सांगावं लागेल, असंही वाटे. ही दोन्ही वाटणं एकाच घरात दोन सवती राहाव्यात तशी त्याच्यात राहत आली होती.

उमरोळीला स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर त्यानं दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. भिंती झाल्या होत्या, कौलं चढली होती, जमिनीत मुरूम पडून होता. त्याची बायको मंजुळा पालघरच्या वखारीत जाऊन शहाबादी फरशी निवडूनसुद्धा आली होती. "लाकडाची?" ती म्हणाली. "जमीन लाकडाची? अहो, आपण माणसं आहोत का कबुतरं?" नागोराव म्हणाला, "ऊब राहते. साहेबाच्या घरी पाहिली." "साहेबाच्या घरी काय काय असतं. तेही आणा." मग थोड्या वेळानं, पीठ मळता मळता, ती म्हणाली, "आत्याबाईंना चालेल का?" हा प्रश्न तिनं सहज विचारला होता, पण नागोरावला तो वर्मी बसला. कारण त्याला पोकळ जमीन का हवी हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. दुखऱ्या दाताशी जीभ जाते. ती काय औषध घेऊन जाते? पण जाते. त्याला रोज तो आवाज ऐकायचा होता. की, रोज ऐकून ऐकून तो आवाज साधा व्हावा, कपबशीचा असतो तसा, असं हवं होतं? की आईनं त्यावर एकदा पाऊल ठेवावं आणि मग जे व्हायचं ते होऊन जावं? हे कुठल्याच खोक्याच्या यादीत बसणारं नव्हतं. त्यानं आईला कार्ड टाकलं: घर होत आले, आता यावे. उलट टपाली कार्ड आलं, गावच्या मास्तरांच्या वळणदार अक्षरात: जमीन कशाची केली? त्यानं कळवलं, लाकडाची. ह्या वेळी उत्तराला पंधरा दिवस लागले. मास्तरांचं अक्षर तेच, पण वाक्यं आईची: "लाकडावर माणूस एकदाच निजते. तरी येते."

मोकळ्या खोक्यांचा लिलाव दर तिमाहीला होई. एक गठ्ठा नागोरावनं रीतसर बोली लावून घेतला, आणि मग फळ्या निवडायला बसला. तांबडा आणि पांढरा एकातच मिसळलेला होता. वरून दोन्ही सारखेच मळकट, दोन्हींवर काळ्या शाईनं बाण आणि पेल्याची चित्रं, ही बाजू वर ठेवा म्हणून. तेव्हा त्यानं साहेबाची युक्ती चालवली. प्रत्येक फळीचं टोक करवतीनं हातभर कापायचं, तो तुकडा बादलीत बुडवायचा आणि फुंकायचा. दोन रविवार सगळं आवार हा सोहळा पाहत होतं. "नागोराव," खंडेराव कुंपणापलीकडून ओरडले, "लाकूड घेताय का सनई?" नागोरावचं लक्ष नव्हतं. ओठांना तुरट चव येत होती, आवळ्यासारखी. बुडबुडे आले की तो ती फळी जळणात टाकी. पाणी स्थिर राहिलं की फळी बाजूला ठेवी. आणि दर वेळी, छातीतली हवा कुठंच जात नाही, लाकडाच्या तोंडाशी अडून परत आपल्याच गालांत येते, ह्या क्षणाला त्याला दरदरून घाम फुटे. बापालाही असंच झालं असेल का. बाहेर सोडायला हवा आहे आणि आत घ्यायला नाही. पांढऱ्या फळ्या पुरेशा निघाल्या तेव्हा त्याचं डोकं गरगरत होतं. मंजुळानं त्याला लिंबाचं सरबत दिलं आणि विचारलं, "सापडली का बिनछिद्री?" तिच्या आवाजात चेष्टा होती, पण तिनं त्याच्या पाठीवरून हातही फिरवला.

ह्या लाकडाला पालघरचे सुतार हात लावेनात. खिळा वाकतो, करवत अडते, आणि जमीन म्हणजे काय कपाट आहे का, म्हणत. शेवटी घिवलीचा दादू आला. दादूनं उभ्या जन्मात होड्या सोडून दुसरं काही बांधलं नव्हतं. साठीचा, करपलेल्या बांगड्यासारखा काळा आणि वाळलेला. त्यानं घराला दोन फेऱ्या मारल्या, मुरमावर थुंकला, आणि विचारलं, "पाणी खालून येणार का वरून?"

"कुठूनच नाही," नागोराव म्हणाला. "घर आहे, दादू."

"तुमी बोलता तसा. पण लाकूड घराचा नाय, दर्याचा हाय. बघा, जुना खिला हाय ना, त्याच्या भवती काला पडलाय. ह्याला लोखंड खपत नाय. सागाच्या खुंट्या मारू."

"आणि खाली? मुरमावर टेकवायच्या फळ्या?"

"टेकवाल तर कुजवाल. वीतभर हवा पायजे खाली. लाकडाला दम घेवाला जागा नको का?" दादूनं बोटांनी वीत दाखवली. "जमीन वाजंल जरा. वाजू द्यावी. जी होडी वाजत नाय ती फुटलेली असती."

महिनाभर दादू काम करत होता. त्यानं आडवे वासे टाकले, फळ्यांना फळ्या खाचेत बसवल्या, आणि नागोराव नको नको म्हणत असतानाही सांध्यात कापूस आणि राळ भरली, होडीची सवय. घराच्या मधोमध जमीन केसभर खोलगटही झाली, तीही सवयीनं. नागोराव रोज संध्याकाळी येऊन उकिडवा बसे आणि प्रत्येक फळीखाली हात घालून पाही. दादूला ह्यात काही विचित्र वाटलं नाही. होडीचे मालक ह्याहून संशयी असतात. रंधलेला ओक पिठासारखा पांढरट निघाला, मध्येच उसासारख्या रेघा, आणि दुपारच्या उन्हात खोलीत एक आंबूस, गोडसर वास भरून राही. नागोराव त्यावर अनवाणी चाले. एक फळी, दोन फळ्या, पाच. टप्प, टप्प. साधा झाला नाही आवाज. उलट त्याला प्रत्येक फळीचा निराळा ओळखू येऊ लागला.

काम सरत आलं तेव्हा मधली एक फळी राहिली, आणि दादूनं हत्यारं गुंडाळली. "ही आता घरची मोठी बाई आल्यावर. आमच्यात होडीची शेवटली फली घरधनिणीच्या म्होरं ठोकतात. तिच्यादेखत तोंड मिटायचा. नाय तर होडी परक्याची होते." नागोराव म्हणाला, मंजुळा आहे की. दादूनं मंजुळेकडे पाहिलं, ह्या चिमुरडीचं काय मोजायचं अशा नजरेनं. "मोठी. तुमची आय येनार हाय ना? तवा बोलवा." अशी ती जागा उघडीच राहिली. फूटभर रुंद, पुरुषभर लांब. नागोराव येताजाता तिला वळसा घालू लागला. तिसऱ्या दिवशी आपण वळसा घालतोय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो तिथंच भिंतीला टेकून बसला.

सोजराबाई एका दुपारी आली. सोबत कापडाचं गाठोडं, मडक्यात लोणचं, आणि डोळ्यांवर प्रवासाची राख. दादूला निरोप गेला होता. तो ओसरीवर बिडी विझवून उभा राहिला. आदल्या दिवशी मंजुळेनं शुद्धीसाठी घरभर गोमूत्र शिंपडलं होतं, आणि ह्या परदेशी लाकडानं ते आपल्या परीनं मनावर घेतलं होतं: जिथं जिथं थेंब पडला तिथं तिथं तपकिरी डाग. महिनाभर नवरदेवासारखी सांभाळलेली जमीन, तिला अंगभर देवी आल्यागत दिसत होती. नागोरावला सकाळपासून त्याचंच वाईट वाटत होतं. म्हणजे, वाईट वाटायला ते एक बरं होतं. आईनं पायांवर पाणी घेतलं. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं. टप्प. दुसरं पाऊल तिनं टाकलंच नाही.

"हे पोकळ हाय," ती म्हणाली.

दूर स्टेशनात मालगाडीचे डबे एकावर एक आदळत गेले.

"वीतभरच, आत्याबाई," मंजुळा म्हणाली. "लाकडाला हवा लागते म्हणून."

सोजराबाईनं आत टाकलेलं पाऊल मागं घेतलं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पदर खांद्यावर घट्ट ओढून, आणि तिची नजर खोलीच्या मधोमध त्या उघड्या फटीवर जाऊन थांबली. नागोरावला वाटलं, आता ती वळेल, गाठोडं उचलेल, आणि शेळीचं नाव घेईल. त्याला मनातलं वाक्य बोलायचं होतं. सव्वीस वर्षं ते जुळवून ठेवलेलं होतं. पण आयत्या वेळी हाताला लागलं ते पावतीवरचं, माल सुस्थितीत मिळाला. आई म्हणाली, "दिवा हाय का घरात?"

मंजुळेनं चिमणी पेटवून आणली. भर दुपारी त्या ज्योतीला काही रंगच नव्हता.

"सोड आत," आई नागोरावला म्हणाली.

"आये, हात घातला तरी जिमिनीला लागंल," दादू ओसरीवरून म्हणाला. "दोरी नको, काय नको."

"मंग हात घालू द्या त्याला."

नागोराव फळ्यांवर पालथा झाला. गाल लाकडाला टेकला. ते खरंच उबदार होतं, त्यानंच मंजुळेला सांगितलं होतं तसं. चिमणी धरलेला हात त्यानं फटीतून आत नेला, मनगट, कोपर. खाली मुरूम होता, ओलसर, आणि लाकडाच्या बाजूला अंधार सगळीकडे पसरत गेलेला, घराखाली आणखी एक घर असल्यासारखा. ज्योत आत गेल्यावर मात्र पिवळी झाली. जोत्याच्या भिंतीवरची माती पिवळी झाली. त्यानं श्वास धरून ठेवला होता. त्याला वाटलं, आता ती विचारील, जळतोय का.

"तळाला टेकला का?" आईनं विचारलं.

त्याच्या बोटांना मुरमाचे खडे लागत होते. हा प्रश्न ह्या जगात कुणी विचारलेला नव्हता; कुणी विचारला असता तर लिंबाखाली कुणी निजलं नसतं. "टेकला," तो म्हणाला.

"जळतोय?"

"जळतोय."

मंजुळा स्वयंपाकघराच्या दारात ताट पुसत उभी होती, कोरडंच. दादू ओसरीच्या कडेला सरकून समुद्राच्या दिशेला बघू लागला, जो तिथून दिसत नव्हता.

"त्या दिशी टेकला न्हवता," सोजराबाई म्हणाली. तिनं हे, आमटीत मीठ कमी आहे, अशा आवाजात म्हटलं.

"नाही," नागोराव लाकडात तोंड घालून म्हणाला. "दोरी संपली होती."

"मला ठावं हाय. त्याच सांजंला कंदील धुवाया घेतला, तवा दोरी हातावर मोजली. चार हात कमी भरली." ती थांबली. मग उंबऱ्यावर बसली, बाहेरच्या अंगाला पाय सोडून, पाठ त्याच्याकडे करून. "कापली व्हती म्याच. आदल्या दिशी. कालवडीला दावं न्हवतं म्हून. तुझ्या बापाला सांगायचं व्हतं. दळणात राहून गेलं."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू तरी कुठं बोललास? मला वाटायचं, ह्यो हिशोबी माणूस. सरकारात मोजमापावर हाय. एक दिस दोरीचं इचारील. म्हून येत न्हवते तुझ्याकडं." तिनं नाक ओढलं. "शेळी कवाच मेली."

नागोरावनं डोळे मिटले. सव्वीस वर्षं तो ज्याचा तळ चाचपत होता ते खोकं आई दुसऱ्या टोकानं तितकीच वर्षं धरून बसली होती, आणि दोघांना वाटत होतं की ओझं आपल्याच एकट्याच्या हातात आहे. ह्यावर रडावं की हसावं असा प्रश्न त्याला पडला नाही. त्याचा गाल फक्त लाकडाला चिकटला, आणि लाकूड ओलं झालं. ह्या लाकडातून पाणीही आत जात नाही असं साहेब म्हणाला होता. दादूला बरं वाटलं असतं.

काही वेळानं दादू खाकरला. "आये, ठोकू का फली? तुमच्यादेखत?"

सोजराबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "नका ठोकू," ती म्हणाली. "नुसती ठिवा वरती. उचलता आली पायजे. मानसाला आपल्या घराखाली काय हाय ते बघता आलं पायजे."

"बिनठोक्याची फली ठिवलेली होडी आमी आजवर सोडली नाय," दादू तक्रारीनं म्हणाला.

"हे घर हाय," सोजराबाई म्हणाली.

आणि ती आत आली. नागोराव अजून पालथाच होता. एक कान फळीला, एक हात घराखाली. त्याला ते पाऊल आधी खालून ऐकू आलं आणि मग वरून. टप्प. डाग पडलेल्या फळ्यांवरून, उघड्या फटीच्या कडेनं, वळसा न घालता, आई घराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. भेगाळलेल्या टाचांची, जड, म्हातारी पावलं. प्रत्येक फळी निराळी वाजली आणि प्रत्येक त्याला ओळखू आली. मग ती स्वयंपाकघरात थांबली. तिनं तिथं टाच दोनदा आपटून पाहिली असावी.

"मंजुळे," तिचा आवाज आला, "ही सारवायची कशी गं?"

"सारवायची नाही, आत्याबाई. नुसती ओल्या फडक्यानं पुसायची."

"मंग दिवसभर करायचं काय बाईनं?" सोजराबाई म्हणाली, आणि भांडी उतरवून घेऊ लागली.

कुणी नागोरावला ऊठ म्हटलं नाही. तोही उठला नाही. खाली, वीतभर अंधारात, मुरमावर टेकलेला दिवा संथ जळत होता, आणि तो धरून असलेल्या हाताला त्याची ऊब लागत होती.